एकोणसत्तर टक्के

आप्पांनी पाणी सोडलं त्या वेळी जवाहर मगदूम माडीवरच्या खोलीत सिगारींना पाणी देत होता. दर रविवारचं काम. लाकडी पेटीचं झाकण उघडायचं, त्याच्या आतल्या अंगाला बसवलेली स्पंजची डबी सोडवायची, डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब सोडून ती भिजवायची, वर राहिलेलं पाणी फडक्याने टिपायचं, डबी परत लावायची आणि मग एकेक सिगार पाव वळसा फिरवून होती तिथे ठेवायची. डबी हातात असतानाच जिन्यातून मंदिरातल्या उपाध्यांचा खणखणीत आवाज वर आला, "आजपासून जलाचाही त्याग," आणि पाठोपाठ पन्नासेक माणसांनी केलेला जयजयकार. हातातली बाटली तिरपीच राहिली. डबी भरून वाहिली, पाणी पेटीत उतरलं आणि खालच्या थरातल्या दोन सिगारींच्या पानांवर काळपट डाग पसरत गेले. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. जवाहरने फडकं घेतलं, पेटीचा तळ कोरडा केला, भिजलेल्या दोन सिगारी बाजूला काढल्या, आणि मग तो खाली गेला. पुढे त्याला आठवत राहिलं ते एवढंच, की आधी त्याने पेटी पुसली.

आप्पा, म्हणजे जवाहरचे वडील भूपाल मगदूम, सत्त्याऐंशी वर्षांचे. तासगाव रस्त्यावरच्या, रॅकवर द्राक्षं वाळवून बेदाणा करायच्या शेडा त्यांनी उभ्या केलेल्या. मूत्रपिंडं थकल्याचं सांगून डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा यंत्राला जोडून घ्यायला सुचवलं, तेव्हा त्यांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि गाडीत बसताना म्हणाले, "माल तयार झाला की रॅकवर ठिवत न्हाईत." आठवड्याने त्यांनी मुनी महाराजांकडे सल्लेखनेची, अन्नपाणी सोडून देह ठेवण्याची, आज्ञा मागितली. आधी धान्य सुटलं, मग दूध, मग ताक, मग उरलं दिवसातून एकदा ओंजळीने घ्यायचं गाळून उकळलेलं पाणी. प्रत्येक पायरीला महाराजांनी घरच्यांना विचारलं, तुमची हरकत नाही ना? पहिल्यांदा विचारलं तेव्हा जवाहर ताबडतोब "नाही" म्हणाला होता. त्याची थोरली बहीण चंदनबाला, म्हणजे चंदनाक्का, फलटणहून आली होती. ती त्या दिवशी मोरीवर हात धुता धुता त्याला म्हणाली, "एक श्वास तरी घ्यायचास, जवाहर. एस्टीत तिकीट मागितल्यासारखा बोललास." आप्पांच्या कोणत्याही प्रश्नाला तो सत्तावन्न वर्षं असाच लगेच उत्तर देत आला होता, आणि हा प्रश्न महाराजांनी विचारला असला तरी समोर चटईवर आप्पा बसले होते.

पाणी सुटल्यावर गर्दी अंगणात गेली. खोलीत आप्पा गवताच्या चटईवर उताणे होते, डोळे मिटलेले, ओठ आतल्या आत मंत्राने हलणारे. एप्रिलचं ऊन. पंखा नको म्हणून त्यांनीच सांगितलेलं, कूलर तर पहिल्याच दिवशी बाहेर नेऊन ठेवलेला. जवाहर उशाशी बसला, रुमालासाठी त्याने खिशात हात घातला, आणि हाताला पेटीतला मीटर लागला. पुसापुशीत तो खिशात गेला होता. काड्यापेटीएवढा मीटर, हवेत किती टक्के ओल आहे ते दाखवणारा. लोक मनगटावरचं घड्याळ बघतात तसं त्याने ते बघितलं. बावीस. त्याचा मीटर दोन टक्के कमी दाखवतो हे त्याला माहीत होतं. बाटलीच्या झाकणात ओलं मीठ भरून, ते आणि मीटर एका डब्यात एक दिवस बंद ठेवून त्याने तपासलं होतं. पंचाहत्तर यायला हवं तिथे त्र्याहत्तर आलं होतं. म्हणजे चोवीस. चोवीस टक्क्यांत काय होतं हे सांगली शहरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. सिगारीचं वरचं पान आधी चमक सोडतं, मग शिरा वर येतात, मग बोटाने नुसतं दाबलं तरी करकर वाजतं, आणि मग टोकापासून एक बारीक चीर निघते. ती चीर परत मिटत नाही. आप्पांचे ओठ हलत होते. खालच्या ओठाच्या मधोमध एक चीर होती.

पहिल्या सिगारी त्याच्याकडे एका जर्मन गिऱ्हाइकाने आणल्या होत्या. तो बेदाणा बघायला आला, शेडमध्ये दोन तास फिरला, आप्पांच्या पाया पडला आणि निघताना जवाहरच्या हातात पंचवीस सिगारींचा खोका ठेवून गेला. जैनाच्या घरात तंबाखू. तसं म्हटलं तर निपाणीकडच्या पाहुण्यांची अर्धी शेती तंबाखूची होती आणि त्यांच्या घरची सोयरीक आप्पांना चालली होती. पण पिकवणं वेगळं आणि ओढणं वेगळं. जवाहरने खोका माडीवर लपवला. महिन्याभराने उघडला तर सगळ्या वाळून कोरड्याठाक झालेल्या, हातात घेताच चुरा. त्या चुऱ्याने त्याला जे वाटलं ते विचित्र होतं. वाया गेल्याचं वाईट नव्हतं. आपल्या हातात दिलेली वस्तू आपण मारली, असं वाटलं. मग तो शिकला. आतून वासाच्या लाकडाची पेटी मागवली, लाकूड तीन दिवस ओल पीत ठेवलं, एकोणसत्तर टक्के हा आकडा धरला. सत्तरच्या वर गेलं की बुरशीची भीती, पासष्टच्या खाली कोरड. सांगलीची हवा मार्चमध्ये वीस आणि जुलैमध्ये नव्वद. पेटीत बारा महिने एकोणसत्तर. ओढायचा तो दोन महिन्यांतून एक, कोल्ड स्टोरेजच्या गच्चीवर, वाऱ्याची दिशा बघून. राखायचा मात्र रोज. दिवसभर जो माणूस माल वाळवतो, त्याने घरी येऊन एक वस्तू वाळू द्यायची नाही, यात त्याला एक निवांतपणा मिळायचा, आणि तो त्याने बायकोलाही कधी सांगितला नव्हता. आप्पांचे गुडघे माडी चढत नव्हते. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे बारा वर्षांत कळलं नाही.

सोमवारी दुपारी, अंगणातली माणसं जेवायला गेल्यावर, त्याने माडीवरून आपलं यंत्र खाली आणलं. उन्हाळ्यात पेटीच्या खोलीची हवा फार कोरडी होऊ नये म्हणून घेतलेलं, पाण्याचं थंड धुकं सोडणारं, आवाज न करणारं. आप्पांच्या खोलीला लागून कोठीची खोली होती आणि मधल्या भिंतीत जाळी. त्याने यंत्र जाळीखाली पोत्यांवर ठेवलं, टाकीत डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या रिकाम्या केल्या आणि चालू केलं. हे करताना तो मनात वाद घालत होता, आणि वाद त्याला पटत होता. व्रत पाणी पिण्याच्या त्यागाचं आहे. हवेचा त्याग कुणी केलेला नाही. पाऊस पडला असता तर खोलीत ओल आलीच असती, तेव्हा काय व्रत मोडलं असतं? शिवाय हे पाणी उकळून, वाफ करून, परत थंड केलेलं. यात जीव नाही. असं पाणी घरात दुसरं नाही. संध्याकाळी चारला मीटरवर छप्पन्न आलं. त्यात दोन मिळवले. तो आप्पांजवळ गेला. ओठांवरची पांढरी पापडी मऊ पडली होती. त्याने आप्पांचा हात हातात घेतला आणि अंगठा व तर्जनीत त्यांचं बोट हलकेच दाबलं. दबलं, आणि परत आलं. त्याला बरं वाटलं. मग एकदम लक्षात आलं की सिगार आपण अशीच दाबून बघतो, अशीच, याच दोन बोटांनी, आणि त्याने हात सोडला.

उपाध्यांनी चार-पाच दिवसांचा अंदाज सांगितला होता. मंगळवारी ते नाडी बघून म्हणाले, "तेज कसं आहे बघा. कालच्यापेक्षा आज चेहरा टवटवीत." आलेल्या बायकांनी हात जोडले. जवाहरने मान खाली घातली. त्याचा चेहरा तापला होता, आणि त्यात लाजेबरोबर दुसरंही काही होतं. पेटी उघडल्यावर सगळ्या सिगारी जशाच्या तशा दिसल्या की जे वाटायचं, तेच.

बुधवारी केरबा आला. चाळीस वर्षं शेडवर रॅक लावणारा, आता स्वतःच सत्तरीचा. दारात चपला काढतानाच बोलायला लागला. "आवं आप्पा, लवकर निघालासा! अजून माझं नाव तुमच्या आधी लागलं हुतं यादीत." आप्पांच्या तोंडावर काहीतरी हललं. केरबा मांडी घालून बसला आणि यंदाचा माल सांगू लागला. "आठ दिसात वाळला बगा. हिरवागार. वारं असं कडक की जाळीवर घड टाकला की कुडकुड." मग तो थांबला. त्याने मान वर केली, नाकाने हवा ओढली, आणि उजवा हात पालथा करून समोर धरला, शेडमध्ये शिरल्यावर हवेतली ओल जोखायला तो आणि आप्पा धरायचे तसा. "भाईर एवडं रखरखतंय आन् हितं वलावा कसा काय वो? ह्या खोलीत माल टाकला तर काळा पडंल, आप्पा." तो आपल्याच बोलण्याला हसला. आप्पांनी डोळे उघडले.

केरबा गेल्यावर खोलीत दोघंच उरले. आप्पांनी आपला हात पालथा केला. चटईपासून तो वीतभर वर उचलायला त्यांना कितीतरी वेळ लागला. हाताच्या पाठीवरची पातळ कातडी त्यांनी हवेला दिली आणि थांबले.

"कवापासनं?" ते म्हणाले. आवाज वाळल्या पानासारखा.

"काय, आप्पा?"

"पाणी मारतोयास माझ्या मालाला."

जवाहर बावीस वर्षांचा असताना, आप्पा औंधला यमाईच्या डोंगराखालच्या एका गिऱ्हाइकाकडे गेले होते तेव्हा, त्याने सौद्याला जाणाऱ्या चाळीस पोत्यांवर झारीने पाणी शिंपडलं होतं. सगळे शिंपडत. वाळलेला बेदाणा ओल पितो, फुगतो, वजन वाढतं. आप्पा परत आले, पोत्यात हात घातला, हात बाहेर काढला, पालथा केला, आणि काही न बोलता चाळीसही पोती परत शेडवर नेऊन जाळीवर पसरली. सौदा गेला. आठ दिवस त्यांनी स्वतः तो माल खालीवर केला, एकट्याने, जवाहरला हात लावू दिला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. नवव्या दिवशी जेवताना इतकंच म्हणाले, ज्याचं वजन त्याचंच पायजे. पुढची पस्तीस वर्षं जवाहर कुणाचीही वस्तू हातात घेताना आधी हात पुसायचा.

"तुम्हाला त्रास होतोय, आप्पा," तो म्हणाला. "ओठ फुटलेत. मला बघवत नाही."

"त्रास कुनाचा हाय?"

"तुमचा."

"मग तुजा हात काड त्यातनं." ते बराच वेळ श्वास जमवत राहिले. "वाळू दे मला. लय दिस लोकांचा माल वाळवला. आता माजा हाय."

जवाहर कोठीच्या खोलीत गेला. यंत्राच्या नळीतून धुक्याचा बारीक पदर जाळीकडे जात होता. बटणावर बोट ठेवून तो उभा राहिला. बंद केलं की खोली तासाभरात चाळिसावर येणार, रात्रीपर्यंत तिशीत, उद्या दुपारी चोवीस. हे सगळं त्याला आकड्यांत दिसत होतं, आणि आकड्यांच्या शेवटी तो ओठ दिसत होता. त्याने बटण बंद केलं नाही. धुकं कमी केलं. हळूहळू उतरवू, त्याने स्वतःला समजावलं. पेटीतसुद्धा एकदम कोरडं केलं तर पान फाटतं, रोज दोन-तीन टक्के उतरवायचं असतं. हा नियम खरा होता. नियम खरा होता म्हणूनच तो त्याच्या आडून उभा राहू शकला. गुरुवारी मीटरवर अठ्ठेचाळीस होते. आप्पांनी सकाळी हात पालथा केला, हवेला दिला, जवाहरकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवसभर ते तसेच राहिले. भजनाला आलेल्या लोकांना वाटलं, आता देहाचं भान सुटत चाललं आहे.

शुक्रवारी पहाटे त्याने यंत्र बंद केलं. मीटर माडीवर नेला, पेटीत परत ठेवला, झाकण लावलं. आणि जे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: मोजणं थांबवलं. खोलीत किती टक्के आहेत हे त्याला जाणून घ्यायचं नव्हतं. त्याने आप्पांचं ऐकलं होतं, उशिरा का होईना ऐकलं होतं, आणि ते आपल्या डोळ्यांनी आकड्यांत बघण्याची ताकद त्याच्यात नव्हती. कोठीच्या खोलीकडेही तो फिरकला नाही. शनिवार गेला. चंदनाक्का उशाशी बसून णमोकार म्हणत होती, बायको प्रियदर्शनी आल्यागेल्याचं बघत होती, तो अंगणात खुर्च्या मांडत होता. रविवारी दुपारी आप्पांनी डोळ्यांनी त्याला जवळ बोलावलं. बोलणं आता उरलं नव्हतं. त्यांनी हात पालथा केला, या वेळी चटईवरून बोटभरच वर आला, आणि ते त्याच्याकडे पाहत राहिले. ती नजर लांब होती, सरळ होती, आणि तिच्यात काहीतरी पुरं झालं होतं. जवाहरच्या छातीवरचा पाच दिवसांचा दगड उतरला. कोरडं आहे, आप्पा, तो मनात म्हणाला. आता सगळं तुमचं आहे. त्याने दोन्ही हात जोडले. आप्पा त्याच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी डोळे मिटले. सोमवारी सकाळी सव्वासातला ते गेले.

नऊ दिवस निर्जल, असं चौकातल्या फलकावर आलं. विनयांजली सभेत एकामागून एक वक्ते तो आकडा घेऊन उभे राहिले. सत्त्याऐंशी वर्षांचा देह, ही उन्हाची काहिली, आणि नऊ दिवस! कुंडलहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर सांगितलं की आपल्या उभ्या हयातीत असं धैर्य पाहिलं नाही. दर वेळी टाळ्या पडत होत्या आणि जवाहर मनात वजाबाकी करत होता. नऊमधले आप्पांचे किती? चार? पाच? यंत्र चालू होतं ते सोमवार दुपार ते शुक्रवार पहाट. त्याने किती लांबलं, हे कोणताही मीटर सांगू शकणार नव्हता. त्याला बोलायला सांगितलं तेव्हा तो ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला, हात जोडले आणि खाली बसला. लोकांना तेही भावलं.

सभेनंतर घर रिकामं झालं. चंदनाक्का आप्पांच्या खोलीत चटई गुंडाळत होती. फलटणला जायची तिची गाडी पाचची होती. जवाहर दाराला टेकून उभा राहिला आणि त्याला वाटलं, कुणाला तरी एकदा सांगायला हवं, नाहीतर हे आतल्या आत कुजत जाईल.

"आक्का, ते नऊ दिवस खरे नव्हेत."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे तुला?"

"कोठीतलं यंत्र. तू पोत्यांवर ठेवलंस ना, तेव्हा मी दारातच होते. तुला वाटलं, मी स्वैपाकघरात आहे." तिने चटईला दोरी बांधली, गाठ ओढली. "मला इतका राग आला होता तुझा, पटकन 'हरकत नाही' म्हणालास त्याचा. आणि तुला तिथे ते धुकं सोडताना बघितलं आणि म्हटलं, आहे, माझा भाऊ आहे अजून."

"पण मी शुक्रवारी बंद केलं, आक्का. त्यांनी सांगितलं म्हणून."

"ते मला काय ठाऊक? शनिवारी बघितलं तर बंद. म्हटलं, पाणी संपलं असेल." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "गाळून उकळलेलं घातलं मी, आपलं घरातलं. तुझ्यासारखं मोजूनमापून नाही जमलं. भरलं आणि लावलं. शेवटपर्यंत चालू होतं बघ. सोमवारी त्यांना बाहेर नेल्यावर मीच काढलं."

जवाहरला रविवारची दुपार दिसली. बोटभर उचललेला हात. ती लांब, सरळ नजर. आपले जोडलेले हात, आणि त्या हातांकडे बघणारे आप्पा. दाराची चौकट त्याच्या पाठीला रुतत होती. बाहेर कुणीतरी भाड्याच्या खुर्च्या एकात एक अडकवून टेम्पोत टाकत होतं, आणि प्रत्येक खुर्चीला तोच आवाज येत होता.

"रविवारी तुला जवळ बोलावलं होतं ना त्यांनी," चंदनाक्का म्हणाली. आता तिने मान वर केली होती. बासष्ट वर्षांच्या तोंडावर शाळकरी पोरीची भीती होती. "मी माळ घेऊन बसले होते, मला नीट दिसलं नाही. हात वर केला त्यांनी. काय म्हणत होते रे? आपल्यावर रागावून नाही ना गेले?"

तो आत आला. तिच्या हातातली चटई त्याने घेतली आणि खांद्याला लावली.

"आशीर्वाद दिला," तो म्हणाला.

"दिला ना?"

"दोघांनाही दिला. चल, गाडी चुकेल."